फुफ्फुसाचा कॅन्सर आणि नॅनो औषध: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, तसंच कारवार आणि बिदरकडच्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो प्रश्न क्रमांक दिला आहे. डोस कमी-जास्त करणं, थांबवणं हे काम तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचंच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचंच. इथले आकडे त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

१. डॉक्टर म्हणाले "नॅनो केमो देऊ". हे नवीन औषध आहे का?

बहुतेक वेळा नाही. औषध जुनंच असतं, नवी असते ती त्याची गाडी. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपल्या रक्तातली लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, आणि फुफ्फुसासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा नॅनो कण साधारण १३० नॅनोमीटरचा. एवढ्या बारीक कणात केमोचं औषध गुंडाळून शिरेतून सोडतात. म्हणून "नॅनो" हा शब्द ऐकला की पुढचा प्रश्न लगेच विचारा: "आत औषध कोणतं?" उत्तर पॅक्लिटॅक्सेल असेल तर प्रश्न २ ते ११ तुमच्यासाठीच आहेत.

२. फुफ्फुसासाठी आज खरोखर मिळतं असं नॅनो औषध कोणतं?

मुख्य एकच: अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल. डॉक्टर त्याला "नॅब-पॅक्लिटॅक्सेल" म्हणतात. अमेरिकेत २००५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी आणि २०१२ मध्ये नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, तीही कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या केमो औषधाच्या जोडीने आणि ऑपरेशन किंवा रेडिएशनने बरं करणं शक्य नसलेल्यांसाठी. नंतर इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांच्या, जोडीलाही ते आलं. भारतात हे औषध बऱ्याच वर्षांपासून मिळतं आणि इथल्या कंपन्याही ते बनवतात. दक्षिण कोरियात पॅक्लिटॅक्सेलचा आणखी एक नॅनो प्रकार वापरात आहे. बाकी सोन्याचे कण, चुंबकाचे कण वगैरे बातम्यांत जे वाचता ते अजून प्रयोगशाळेत किंवा ट्रायलमध्ये आहे.

३. नॅनो कण नेमका गाठीवरच जाऊन बसतो, बाकी शरीराला धक्का लागत नाही, हे खरं का?

व्हिडिओत दाखवतात तसं नाही. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे.

मूळ कल्पना १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना भोकं राहतात. मोठे कण त्या भोकांतून गाठीत झिरपतात, आणि गाठीत निचऱ्याची सोय धड नसल्याने तिथेच अडकतात. निरोगी वाहिन्यांतून ते सहज बाहेर पडत नाहीत. यासाठी कण मधल्या मापाचा लागतो. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान असला तर किडनी गाळून टाकते, आणि दोनशेच्या वर गेला तर यकृत आणि प्लीहा झपाट्याने उचलतात.

उंदरात हे छान दिसतं. माणसाच्या गाठी सावकाश वाढलेल्या, त्यात तंतू दाट, दाब जास्त, आणि भोकंही एकाच गाठीत कुठे आहेत कुठे नाहीत. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१६ मध्ये छापून आला. टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेला वाटा साधारणपणे फक्त ०.७ टक्के निघाला. बाकीचं औषध मुख्यतः यकृतात, प्लीहेत आणि रक्तात.

त्यातही नॅब-पॅक्लिटॅक्सेलचा कण रक्तात पातळ झाला की लवकरच सुटतो, आणि औषध अल्ब्युमिनच्या लहान तुकड्यांना चिकटून फिरतं. त्यामुळे "नेम धरून मारणारं औषध" हे वर्णन त्याला लागू पडत नाही. त्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे, तो पुढच्या उत्तरात.

४. मग साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा यात सरस काय? जादा पैसे कशाचे?

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. साध्या प्रकारात ते एरंडेल तेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात. ॲलर्जीच्या जोरदार झटक्यांना बऱ्याच अंशी तो द्रावक कारणीभूत असतो. म्हणून आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं द्यावी लागतात, औषध तीन तास चालतं, आणि वेगळी नळी आणि बारीक फिल्टर लागतो. नॅबमध्ये तो द्रावकच नाही. सहसा आधीच्या इंजेक्शनांची गरज पडत नाही आणि औषध अर्ध्या तासात संपतं.

१०५२ रुग्णांच्या मोठ्या ट्रायलमध्ये दोन्ही प्रकार कार्बोप्लॅटिनबरोबर दिले गेले. गाठ लक्षणीय आकसली असे रुग्ण नॅबमध्ये ३३ टक्के, साध्यात २५ टक्के. स्क्वॅमस या नॉन-स्मॉल सेलमधल्याच एका प्रकारात फरक ठळक होता, ४१ विरुद्ध २४. हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास ३ विरुद्ध १२ टक्के. पण सरासरी आयुष्य १२.१ विरुद्ध ११.२ महिने, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाही. शिवाय नॅबमध्ये रक्त कमी होणं आणि प्लेटलेट्स घसरणं जास्त दिसलं. सत्तरीच्या वरच्यांत नॅबने आयुष्य बरंच वाढल्याचं दिसलं होतं, पण तो गट लहान होता, त्यावर फार भार टाकू नये.

आमचं मत: स्क्वॅमस गाठ, आधीच मुंग्या येणारे हात-पाय, स्टिरॉइडने उसळणारी शुगर, किंवा साध्या पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी, यांपैकी काही असेल तर जादा खर्चाला कारण आहे. यांतलं काहीच नसेल आणि शेत गहाण टाकायची वेळ येत असेल, तर साधं पॅक्लिटॅक्सेल घेणं म्हणजे उपचारात कसूर नव्हे.

५. बायोप्सी झाली, आता लगेच नॅनो केमो सुरू करू का?

बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा हा नॉन-स्मॉल सेलमधला प्रकार आला असेल तर आधी जीनचे रिपोर्ट हातात येऊ द्या, निदान ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१. भारतीय रुग्णांत ईजीएफआरचा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त सापडतो, बिडी-सिगारेट कधी न ओढलेल्या बायकांत तर विशेष. तो असेल तर पहिला उपचार बहुधा गोळीचा, केमोचा नाही. पीडी-एल१ ची तपासणीही त्याच वेळी मागावी, इम्युनोथेरपी कितपत लागू पडेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. दम फारच लागत असेल तर डॉक्टर वाट न पाहता केमो सुरू करतात, तेही बरोबर आहे.

६. दर आठवड्याला यावं लागेल म्हणतात. जांबोटी-कणकुंबीकडून पावसाळ्यात कसं जमायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे. ठरलेलं वेळापत्रक २१ दिवसांचं: पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी नॅब, आणि कार्बोप्लॅटिन फक्त पहिल्या दिवशी. म्हणजे सुट्टीचा आठवडा नाहीच, बाविसाव्या दिवशी नवं चक्र सुरू. साधं पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांतून एकदा. सुईखालचे तास वाचतात, पण एसटीच्या फेऱ्या तिप्पट होतात. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध निवडताना ते धरायला हवं. दोन गोष्टींनी फेरा वाया जाणं टळतं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आदल्या दिवशी गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट फोनवर पाठवा. आणि आकडे चालतील का हे निघण्याआधी विचारा. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किमान १,५०० आणि प्लेटलेट्स १ लाख लागतात. आठव्या-पंधराव्या दिवशी मर्यादा सैल असते, ५०० आणि ५० हजार. आठव्या दिवशी १,१०० आले म्हणून घाबरून घरी बसू नका.

७. बाबांचं वजन ५२ किलो. दोन बाटल्या आणायला सांगितल्या, एक पुरणार नाही का?

डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. उंची १६० सेंमी आणि वजन ५२ किलो असेल तर १६० गुणिले ५२ भागिले ३,६००, त्याचं वर्गमूळ १.५२. म्हणजे डोस १५२ मिलिग्रॅम. बाटली १०० ची येते, म्हणून दोन. उरलेले ४८ मिलिग्रॅम पुढच्या आठवड्याला चालत नाहीत. एकदा कालवलेलं औषध फ्रीजमध्ये, उजेडापासून दूर, जास्तीत जास्त २४ तास टिकतं. काही केंद्रांत एकाच दिवशी दोन-तीन रुग्णांना बोलावून बाटल्या वाटून वापरतात. तशी सोय आहे का विचारा, पैसे वाचतात. वजन प्रत्येक चक्राला मोजून घ्या. पाच-सहा किलो घटलं आणि डोस जुनाच राहिला, असं होता कामा नये.

८. मेडिकलवाल्याने दिलेली बाटली तीच आहे हे कसं ओळखायचं?

बाटली उजेडात धरा. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल म्हणजे तळाशी पांढरट-पिवळसर कोरडी वडी किंवा भुकटी. आत पारदर्शक, किंचित घट्ट पातळ औषध असेल आणि लेबलवर "६ मिग्रॅ प्रति मिली" असेल, तर ते साधं पॅक्लिटॅक्सेल आहे. लेबलवर "प्रोटीन-बाउंड" किंवा "अल्ब्युमिन-बाउंड" हे शब्द शोधा. नुसतं "पॅक्लिटॅक्सेल १००" असं बिल आलं तर सुई लागायच्या आत विचारा. दोन्हींचे डोस वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पॅक्लिटॅक्सेलच्या इतर नॅनो प्रकारांची बाटली वेगळी दिसू शकते, तेव्हा चिठ्ठीवरचं आणि खोक्यावरचं पूर्ण नाव जुळवा.

९. सलाईनची पिशवी दुधासारखी दिसत होती. औषध खराब झालं होतं का?

नाही, ते तसंच दिसायला हवं. ते द्रावण नसून कण तरंगणारं मिश्रण आहे. तयार करण्याची पद्धत अशी: १०० मिग्रॅच्या बाटलीत २० मिली नॉर्मल सलाईन, आतल्या भिंतीवरून घसरत, किमान एक मिनिट लावून सोडतात. धार थेट वडीवर मारली की फेस होतो. मग पाच मिनिटं बाटली तशीच ठेवतात, म्हणजे वडी नीट भिजते. त्यानंतर दोन मिनिटं हळूहळू फिरवतात किंवा उलटी-सुलटी करतात. ताक घुसळल्यासारखं हलवायचं नाही. फेस आलाच तर पंधरा मिनिटं थांबतात. शेवटी ५ मिग्रॅ प्रति मिलीचं एकसारखं दुधाळ मिश्रण तयार होतं. प्रश्न ७ मधल्या बाबांसाठी ते ३०.४ मिली भरेल.

तळाशी साका दिसला तर पुन्हा अलगद फिरवतात. तरीही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली टाकून द्यायची. साध्या पॅक्लिटॅक्सेलचा बारीक फिल्टर इथे लावत नाहीत, कारण १५ मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) लहान भोकांचा फिल्टर तुंबू शकतो. सवयीने तो लावला जातो, आणि मग "सलाईन उतरेना" अशी तक्रार येते. सुईच्या जागी आग होऊ लागली तर सहन करत बसू नका, लगेच सिस्टरांना हाक मारा.

१०. आम्ही जैन आहोत. अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातलंच ना?

अंड्यातलं नाही. हे मानवी अल्ब्युमिन आहे, रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून शुद्ध केलेलं. १०० मिग्रॅच्या बाटलीत ते साधारण ९०० मिग्रॅ असतं. अंड्याच्या ॲलर्जीचा याच्याशी संबंध नाही. मानवी अल्ब्युमिनची ॲलर्जी आधी झाली असेल तर मात्र नक्की सांगा.

११. घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

सगळ्यात आधी ताप. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त भरला, की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. घरात थर्मामीटर हवा, कपाळाला हात लावून भागत नाही.

दुसरं, मुंग्या. सदऱ्याचं बटण लागेना, चालता चालता चप्पल पायातून निसटून गेली तरी कळेना, तर हे पुढच्या फेरीला सांगायचंच. डॉक्टर औषध थांबवून, त्रास उतरल्यावर डोस १०० वरून ७५, गरज पडली तर ५० वर आणतात. "सांगितलं तर औषध बंद करतील" म्हणून लपवणारे बरेच. लपवलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

तिसरं, अचानक वाढलेला कोरडा खोकला आणि दम. तो गाठीचाच असेल असं नाही, औषधाने फुफ्फुसाला सूज येऊ शकते. केस जातात, नॅनोतही जातात. नजर धूसर झाली तर कळवा.

१२. कोल्हापूरहून औषध आणतो. बर्फात घालून आणू का?

खोकं वाचा. नॅब-पॅक्लिटॅक्सेलची न उघडलेली बाटली साधारणपणे २० ते २५ अंशांत, मूळ खोक्यात ठेवायची असते. बर्फ लागत नाही, फ्रीजमध्ये गेली तरी बिघडत नाही. पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. लायपोसोमची, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेली, औषधं वेगळी. त्यांना २ ते ८ अंश लागतात आणि ती गोठली तर वाया जातात. थेट बर्फाला चिकटवू नका, मध्ये टॉवेल घाला.

१३. कार्डावर हे औषध बसतं का?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. मात्र पॅकेज ठरलेल्या औषधांचं असतं. यादीत "पॅक्लिटॅक्सेल" आहे म्हणजे अल्ब्युमिनवालं आलंच असं समजू नका. भरती होण्याआधी आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचारा: हे हॉस्पिटल योजनेत आहे का, कॅन्सरसाठी आहे का, आणि औषधाचं नेमकं नाव पॅकेजात आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि भांडण तिथेच होतं.

१४. मामांची टीबीची गोळी चालू आहे. चालेल का?

हे नक्की सांगा, न विचारता सांगा. रिफॅम्पिसिन, म्हणजे जिच्यामुळे लघवी नारिंगी होते ती गोळी, यकृताची औषध मोडण्याची गती वाढवते. पॅक्लिटॅक्सेल त्याच वाटेने मोडतं, त्यामुळे ते कमी पडू शकतं. टीबीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. छातीचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था करा. फिट्सच्या फेनिटॉइनचंही तसंच. काविळीची खूण असेल, बिलिरुबिन वाढलं असेल, तर डोस ८० वर येतो आणि फार वाढलं असेल तर देत नाहीत.

आणखी एक. एक्स-रेवरचा डाग टीबीचा समजून, थुंकीत जंतू सापडलेले नसताना गोळ्या चालू असतील आणि दोन महिन्यांत फरक नसेल, तर सीटी आणि बायोप्सीचा आग्रह धरा. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत किंवा बिडीकामात आयुष्य गेलेल्यांच्या आणि बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या धुळीत काम केलेल्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच.

१५. स्मॉल सेल कॅन्सर आहे. त्याला नॅनो नाही का?

लायपोसोममधलं इरिनोटेकॅन दुसऱ्या टप्प्याच्या उपचारासाठी तपासलं गेलं. टोपोटेकॅन या नेहमीच्या औषधापेक्षा दुप्पट रुग्णांत गाठ आकसली, पण २०२२ मध्ये निकाल लागला तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. गाठ आकसणं आणि जास्त जगणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे प्रश्न ४ मध्येही दिसलं होतं.

१६. फुफ्फुसाचाच आजार आहे, तर नॅनो औषध वाफेने का देत नाहीत?

कल्पना चांगली आहे, पण कॅन्सरसाठी असं मंजूर औषध अजून नाही. अडचण अशी की फुफ्फुसाच्या तळापर्यंत बसायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. सुटा नॅनो कण श्वासाबरोबर बराचसा परत बाहेर जातो, म्हणून त्याला मोठ्या थेंबात बसवावं लागतं. पुढे कफ आणि सफाई करणाऱ्या पेशी वाटेत उभ्या. गाठीने बंद केलेल्या नळीत तर हवाच जात नाही. लायपोसोममधलं अमिकासिन हे अँटिबायोटिक मात्र २०१८ पासून अमेरिकेत वाफेने देतात, एका चिवट फुफ्फुससंसर्गासाठी.

१७. कोविडच्या लशीतही नॅनो होतं म्हणे. तेच का हे?

एमआरएनए लशींत चरबीचे नॅनो कण होते. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये ते नव्हते. कॅन्सरच्या या औषधाशी त्याचा संबंध नाही.

१८. सुवर्णभस्म म्हणजे आपलं पूर्वापार नॅनोच ना? सोबत देऊ का?

काही भस्मांत नॅनो आकाराचे कण सापडतात, हे खरं. पण कण बारीक आहे एवढ्याने तो औषध पोचवतो असं होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर भस्माने गुण आल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काही धातूंची औषधं यकृत आणि किडनीवर भार टाकतात, आणि कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीवरच ठरतो. घ्यायचंच असेल तर लपवून नको.

१९. "नॅनोच्या ट्रायलमध्ये फुकट औषध मिळेल" असं कोणी सांगितलं. जावं का?

चांगली ट्रायल असेल तर जरूर विचार करा. आधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत हवं. कन्नड किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर मराठी प्रत मागा, सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तपासायच्या औषधाचे पैसे कोणी मागितले तर तिथून उठा.